भाड्याचं डोकं

— आणि एक शब्द बोलू नकोस. वळून बघायचंही काम नाही. तू तुझी गाडी हाक, मी मागे गप बसतो, रेघ ओलांडली की उतरेन, विषय सं— अं? कोण? मी कोण म्हणजे? — अहो साहेब, तुम्हालाच म्हणतोय, दुसरं कोण आहे गाडीत? — घाबरू नका हो. म्हातारा माणूस आहे, हातात सुरी नाही की सळई नाही, खिशात चष्मा आहे, तोही वापरत नाही. डोकं आहे मी. डोकं! रेघेवरचं डोकं! — नाही कळलं? म्हणजे या बाजूला नवे दिसताय. पुढे ती पिवळी रेघ दिसते का? दिसणार कशी, मध्ये एवढं लटांबर उभं. तर त्या रेघेच्या आत शहराचा मधला भाग. गाडीत एकटाच माणूस असला तर रेघ ओलांडायला गर्दीचा कर, दोन डोकी असली तर फुकट. खांबावर कॅमेरा बसवलाय, तो डोकी मोजतो. आता ज्याच्याकडे दुसरं डोकं नाही त्यानं काय करावं? भाड्यानं घ्यावं! ते बघा टपरीपाशी, भिंतीला टेकून ओळीनं उभे — ती डोक्यांची रांग. गाडीनं हळू व्हायचं, एकाकडे बोट करायचं, तो मागे बसणार, रेघेपलीकडे उतरणार, पायी परत येणार. माझी बायको जन्मभर सांगत आली, तुम्हाला डोकं नाही. बिचारी आज असती तर म्हटलं असतं, बाई, त्याच डोक्यावर घर चालतंय — आणि आत काय आहे ते कोणी विचारतसुद्धा नाही, रिकामं असलं तरी चालतं.

हं, फोन काढलात. पोलिसांना लावता? लावा की. येणार कुठून, उडत? पुढे बघा, मागे बघा, मुंगीला पाय टाकायला जागा नाही. मागे एकदा इथंच दोन गाड्या घासल्या. दोघं उतरले, एकमेकांचा घसा धरला, मग दमले, टपरीवर चहा प्यायले, बोलता बोलता एकाचा साडू दुसऱ्याच्या गावचा निघाला — आणि मग पोलीस आला. काय झालं म्हणून विचारतो! मी म्हटलं, सोयरीक झाली, उशीर केलात. — हसलात! आरशात दिसतंय मला. ठेवा तो फोन खाली. आणि पाकिटाला हात लावू नका, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही मला. का म्हणजे? दुकान बंद करताना माणूस उरलासुरला माल वाटून टाकतो की नाही? तसं समजा. आज डोक्यांचा शेवटचा दिवस. उद्यापासून मोजणं बंद, गाडीत एकटा बसो नाहीतर अख्खं वऱ्हाड बसो, रेघ ओलांडली की कर. रस्त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना म्हणे शोध लागला, की माणसं डोकी भाड्यानं आणतात. दोन वर्षं लागली शोध लागायला. टपरीवरच्या मांजराला पहिल्या दिवशी लागला होता.

टेकून बसतो जरा, चालेल ना? — ही सीट कोणी शिवलीय हो? कोणीच नाही. कारखान्यातली आहे, हात फिरवला की कळतं. टाके बघा कसे, सगळे एकसारखे, एकालाही चेहरा नाही. कोपऱ्यात दुमड नाही, नुसतं ओढून चिकटवलंय, दोन उन्हाळ्यांत तोंड वासेल. मी सीटाच शिवायचो. जन्मभर. रेक्झिन म्हणा, कापड म्हणा, एकदा एका सावकाराच्या गाडीची खऱ्या चामड्याची शिवली होती, दाभण घुसता घुसत नव्हतं — गाडीवाल्यासारखंच चामडं. लोकांच्या बुडाखाली काय असावं एवढाच माझा अभ्यास. शाळेत चौथीपर्यंत गेलो, तिथंही मास्तरांची खुर्चीच बघत बसायचो, तिला गादी नव्हती म्हणून. स्वतःची गाडी कधी झाली नाही. आणि आता गंमत बघा, ज्या सीटा शिवून पोट भरलं, त्यांच्यावरच बसून पोट भरतोय — हे काय, बिस्किटाचा चुरा? आणि दाराला मेणाच्या खडूनं घोडा काढलाय. का कुत्रा आहे? लहान पोर आहे ना घरात? मुलगी? — बरं बरं. साबणाच्या पाण्यानं निघतं ते. पण काढू नका. राहू द्या.

तुम्हाला पटतो का हो हा कर? — हो म्हणता? तोंडावर हो म्हणणारा पहिलाच भेटला. टपरीवर विचारा जाऊन. औषधवाला म्हणतो कर पाहिजेच, पण माझ्या दुकानापुढे थांबणाऱ्या गाड्या सोडून. शाळेतल्या बाई म्हणतात कर पाहिजे, पण शाळा भरताना आणि सुटताना नको. टॅक्सीवाला म्हणतो सगळ्यांना लावा — टॅक्सी म्हणजे काय गाडी आहे का? प्रत्येकाला वाटतं, गर्दी म्हणजे दुसरा. स्वतः मधोमध उभा असतो आणि भोंगा वाजवून विचारतो, एवढी माणसं आली कुठून! — आता खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस रस्ता खरंच मोकळा होता. टपरीवर उभं राहिलं की पलीकडच्या शाळेची घंटा ऐकू यायची. मला वाटलं, नवी बसवली. जुनीच होती. मग लोकांना डोकं सुचलं आणि गाड्या होत्या तेवढ्या परत आल्या, वर प्रत्येकीत एक जादा म्हातारा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! बसगाड्या वाढवू म्हणाले होते. वाढवल्या की. थांब्याच्या भिंतीवर रंगवल्यात बघा, एकीमागे एक, आणि आत माणसं हसतायत. बसमध्ये हसणारा माणूस पाहिलाय कधी? आणि कॅमेऱ्याची अक्कल ऐका. एका शिंप्यानं दुकानातला पुतळा बसवला शेजारी, कोटबिट घालून — गेला आरपार. आणि त्याच्याच मागच्या गाडीत एकाची आई होती, म्हातारी, डोळा लागला तिचा, मान कलंडली खाली — त्याला बसला कर. पुतळा पास, आई नापास.

आणि तो समोरचा पूल बघा. पूल म्हणजे काय साहेब? इथली कोंडी उचलायची आणि हवेतनं नेऊन तिथं ठेवायची. चढताना माणूस म्हणतो सुटलो बुवा, उतरताना बघतो तर तेच भाऊबंद वाट बघत बसलेले. उंटावरचे शहाणे सगळे. खाली उतरून कोणी बघत नाही, कागदावर रेघ ओढली की झालं, रेघेखाली काय आलं, कोण आलं — ओढणाऱ्याला त्याचं काय? — माझं दुकान आलं. तो पहिला खांब दिसतो ना, कोणीतरी दातांच्या दवाखान्याचा कागद चिकटवलाय बघा ज्याच्यावर, तिथं माझं मशीन होतं. बरोबर तिथं. — नाही हो, त्याचं एवढं काही नाही. भरपाई दिली, नाही कशाला म्हणू. पत्र्याचं तर दुकान. तुम्ही समोर बघा, तो टेम्पोवाला घुसतोय — घुसला! दिलंत ना घुसू? तुमच्यासारख्या सज्जन माणसांमुळंच होते गर्दी.

काय? — वाटलंच मला, हे विचारणार. मुलंबाळं आहेत की, मुलगा आहे, चांगला मोठा, रस्त्यांच्या ऑफिसात आहे. असं तोंड करू नका. हो, त्याच ऑफिसात. पूल काय, रेघ काय, सगळे कागद त्याच्या टेबलावरनं जातात. हुशार आहे, आईवर गेलाय. आणि रोज याच रस्त्यानं जातो, निळी गाडी आहे, अशीच, तुमच्यासारखी. — मग त्याच्या गाडीत का नाही बसत? वा! तुम्ही डोकं चालवताय साहेब, इथं ते चालवायचं नसतं, नुसतं दाखवायचं असतं. — घाई असते त्याला. म्हणजे डोकं त्यालाही लागतं, ऑफिसचा माणूस म्हणून काही कर माफ नाही, तोही रांगेतनंच घेतो — बँडवाल्याला घेतो. बँडवाला म्हणजे माझ्या शेजारी उभा असतो तो, उंच, कोट घालतो. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आता पुढचे दात गेले, फुंक मारली की सूर राहतो घरी आणि वारा जातो वरातीला. दोस्त आहे माझा. पोरगा पहिल्यांदा आला त्या दिवशी आम्ही दोघं शेजारी शेजारी. गाडी हळू झाली, काच खाली आली, मी एक पाऊल पुढे झालो. आणि त्यानं बोट केलं — असं — माझ्या खांद्यावरनं, मागे. बँडवाल्याकडे. — मग काय, बसला तो. गिऱ्हाईकाची मर्जी. तेव्हापासून रोज तोच.

पण खरं सांगू? बरंच झालं. मी बसलो असतो तर तोंडाला कुलूप लावून गेला असता. बँडवाला मागे डोळे मिटून बसतो आणि पोरगा घरी फोनवर बोलतो — भाड्याच्या डोक्याला कान असतात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. बँडवाला परत आला की टपरीवर बसून सगळं ओकतो. सुनेची कंबर धरलीय. नात पोहायला शिकतेय, पण नाकात पाणी गेलं की मास्तरणीला चावते. नातीचा पुढचा दात पडला — मी बँडवाल्याला म्हटलं, तुझ्यावर गेली की काय! पोराला डॉक्टरनं मीठ तोडायला सांगितलंय आणि तो गुपचूप खातो. माझ्या घरची खबर मला भाड्याच्या माणसाकडनं, पण खबर तर आहे ना? दाराला कडी असली तरी फटीतनं उजेड येतोच. — आणि बँडवाला म्हणतो, सीट तीच आहे. त्यानं गाडी घेतली तेव्हा मी शिवून दिली होती, राखाडी कापड, कडेनं लाल दोरा. दुकानातलं शेवटचं काम. अजून काढली नाही म्हणे त्यानं. आता बँडवाल्याला लाल-हिरवं कितपत कळतं देव जाणे, माझं मन राखायला बोलत असेल. सुरातसुद्धा तो असंच काहीतरी घुसवून द्यायचा.

भांडण? कसलं आलंय भांडण. पुलाच्या वेळेला मी दुकानातनं उठलो नाही, एवढंच. मशीन चालू ठेवलं. बाहेर त्यांचं यंत्र घरघरतंय, आत मी घरघरतोय. बघायला ही गर्दी — तिला कोणी कर लावला नाही. मग ऑफिसातली माणसं आली आणि त्यांच्यात हा. माझ्यापुढे उभा राहिला, माझ्याकडे बघितलं नाही, पोलिसाला म्हणाला, 'या गृहस्थांना जरा बाजूला घ्या.' — गृहस्थ! पत्रा उचकटून डोक्यावरचं छप्पर नेताय आणि वर गृहस्थ! — कळतं हो मला. वरचे साहेब उभे होते. बाप म्हणाला असता तर ते म्हणाले असते, याला बापच हलवता येत नाही, हा रस्ता काय हलवणार. चौथी झालो असलो तरी तेवढं कळतं. नोकरी आहे त्याची. पण 'बाबा, उठा' म्हणाला असता ना हळूच, कानात, कोणाला ऐकू न जाता — उठलो असतो मी. मशीन खांद्यावर टाकून उठलो असतो. — जाऊ द्या. तो बोलला नाही, मी बोललो नाही. मध्ये तो खांब.

आणि काल हा बँडवाला परत आला तो तोंड पाडून. म्हणे, तुझ्या पोरानं सांगितलं, उद्या तुम्ही येऊ नका. शेवटच्या दिवशी! बँडवाला चिडला आणि मी त्याच्याहून चिडलो. म्हणजे कर भरेल, पण शेवटच्या दिवशी माणूस बसवणार नाही — एवढा माज? आणि उद्यापासून रांग नाही, बँडवाल्याला ती गाडी नाही, फोन नाही, नातीचा दुसरा दात पडला तर मला सांगणार कोण? खांब? तेव्हाच ठरवलं. आज बोट करायची वाट बघायची नाही. गाडी हळू झाली की दार उघडायचं आणि बसायचं. बाप आहे, ढकलून थोडाच देईल भर रस्त्यात. बोलू नको तर नको बोलू. निदान सीट कोणती आहे ते तरी हातानं बघून घेईन. म्हणून सकाळपासून उभा, आणि गाडी आली, निळी, काचा काळ्या, आत मागनं डोकं तसंच, टाळूवर विरळ झालेलं — राग मानू नका, त्याचंही तसंच झालंय, लहानपणी काय जावळ होतं! — आणि मी दार ओढलं, आणि बसलो, आणि बोलायला लागलो, आणि हात फिरवला सीटवर —

टाक्याला चेहरा नाही. — हो. चुकून. चुकून बसलो तुमच्या गाडीत. ते 'तू' तुम्हाला नव्हतं. झालं समाधान? आता कळलं, पैसे का नको म्हणालो? चुकलेल्या माणसानं भाडं घ्यायचं नसतं. हसा, हसा, मगाशी पोलिसाला हसलात, आता म्हाताऱ्याला हसा. — काय? — कुठली गाडी? — दिसत असतील, निळ्या गाड्यांचं काय पीक आलंय. — दुसऱ्यांदा? तीच? पलीकडच्या मोकळ्या बाजूनं वळसा घालून? थांबा. चष्मा — कुठं गेला हा — हां.

तीच. तीच ती. काच खाली आहे. धुळीनं खोकला होतो त्याला, काच कधी उघडत नाही तो — मान बाहेर काढलीय गाढवानं, एखादा टेम्पोवाला नेईल खरडून! — रांगेकडे बघतोय. बँडवाला आहे की तिथंच, कोट घालून, हात करतोय त्याला — गेली. त्याच्यापुढनं गेली, थांबली नाही. मग शोधतोय कोणाला? तिथं आहे कोण दुसरं? भिंत आहे नुसती. माझी जागा आहे आणि भिंत —

येऊ नका म्हणाला. बँडवाल्याला म्हणाला, येऊ नका. अरे, मग मला —

मागची सीट रिकामी आहे हो. राखाडी. कडेनं लाल —

दार उघडा. उघडा म्हणतो ना! हे उघडत का नाही आतनं? — लहान पोरांसाठीचं कुलूप? त्या घोडेवालीचं? मग काढा ते! — बाहेरनंच उघडतं? मग उतरा की साहेब, या इकडनं, या. — सिग्नल सुटला तर सुटू द्या! जागचं हलायचं नाही. वाजवू दे त्यांना भोंगे, रस्ता म्हटला की थोडा उशीर होतोच, एवढं कळत नाही का लोकांना? घाई, घाई, मेली घाई सगळ्यांना! — हां, आणि कॅमेरा पुढेच आहे, मी उतरलो की तुम्ही एकटे. ही घ्या माझी टोपी, या सीटच्या उशीवर चढवतो — बास. पुतळा चालतो तर ही का नाही चालणार? — हं, ओढा. जोरात. निघालं! — अरे ए! इकडे! इकडे बघ, त्या भिंतीत काय बघतोस! — तुम्हाला नाही साहेब, तुम्हाला नाही! तुम्ही असे मध्येच उभे काय राहिलात? बसा, बसा आत, निघा! तुमच्या एका गाडीपायी अख्खा रस्ता खोळंबलाय मागे!